‘ळ’ संपले आहेत

‘अनियतकालिक’ या शब्दाइतका सरळ मनाचा शब्द आपल्या साहित्यव्यवहारात दुसरा सापडायचा नाही. मासिक म्हटले की ते महिन्याच्या महिन्याला आलेच पाहिजे. मग जवळ मजकूर असो वा नसो. नाहीच जमले तर ‘जोडअंक’ नावाची एक पळवाट काढून ठेवलेली असते. साप्ताहिकाचे तर त्याहून कठीण. अनियतकालिकाने मात्र पहिल्या पानावरच हात वर केलेले असतात. आम्ही केव्हा येऊ ते सांगता येत नाही, येऊच असेही नाही. आलो तर चार आणे तयार ठेवा! लग्नाच्या बाजारात असा वर कुणी पत्करणार नाही. साहित्याच्या बाजारात मात्र आम्ही चारपाच जणांनी ऐन विशीत त्याच्यावर जीव टाकला होता.

या नावामागे नुसता तऱ्हेवाईकपणा होता असे मात्र कुणी समजू नये. १८६७ सालचा एक छापखान्याचा कायदा होता. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव व छापल्याचे ठिकाण असलेच पाहिजे, आणि प्रसिद्ध केले असेल तर प्रकाशकाचेही, असे त्याचे म्हणणे. शिवाय ठरल्या मुदतीने निघणारे पत्र असेल, तर मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहून डिक्लेरेशन करावे लागे. आता ज्याला मुदतच नाही त्याने डिक्लेरेशन कसले करायचे? तेव्हा अनियतपणा ही आमची वृत्ती होती तशी ती आमची सोयही होती. हा कायदा दीडशेहून अधिक वर्षे चालला. २०२३ साली त्याच्या जागी नवा कायदा झाला आणि १ मार्च २०२४ पासून तो अमलात आला. आमच्या वेळी मात्र जुनाच होता, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात येणाऱ्या मुद्रकाच्या त्या एका ओळीपायी पुढे जे घडले, ते सांगावे म्हणून तर हे लिहायला बसलो आहे. पण आधी थोडे इकडचे तिकडचे.

या संप्रदायाचे आद्यपीठ मुंबईचे. १९५४ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी ‘शब्द’ काढले. चित्र्यांचे तेव्हा सोळासतराचे वय. छापखान्याचे बिल परवडणार नाही, म्हणून अंक सायक्लोस्टाइल केलेला. ज्यांनी ते यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : मेण चढवलेल्या पातळ कागदावर टोकदार कलमाने किंवा टाइपरायटरने अक्षरे कोरायची, तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि दांडा फिरवीत बसायचे. शाळेत परीक्षेचे पेपर असे निघत. शेदीडशे प्रती झाल्या की मेणकागद दम टाकतो, ‘अ’चा ‘भ’ दिसू लागतो, आणि नवकविता थोडी अधिक नव होते. पुढे अशोक शहाण्यांचे ‘असो’ आले, ‘फक्त’, ‘येरू’, ‘आत्ता’, ‘भारूड’ अशी नावे आली. नावे पाहूनच घरातली वडील मंडळी अंक उलटा ठेवीत. १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी छापली, तेव्हा ही बंडाळी पुण्याच्या पेठांत शिरली असे लोक म्हणू लागले. १९६९ साली तर मुंबईत ‘सत्यकथे’ची होळी झाली. ज्या मासिकात कविता आली की कवी झाल्याचा दाखला मिळे, तेच मासिक त्याच्याच कार्यालयापुढे जाळले! ‘सत्यकथा’ पुढे १९८२ साली बंद पडली, तेव्हा तिच्यावर तुटून पडणाऱ्यांपैकी कित्येकांना चुटपूट लागल्याचे मी पाहिले आहे. घरात भांडायला थोरला भाऊ लागतोच.

आणि दिवाळी अंक? त्याला तर आम्ही काय काय म्हटले नाही! काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लावली; आमचे मत असे की, त्यामुळे वाङ्मय चकलीच्या पंगतीला जाऊन बसले. आज या मजकुराच्या एका बाजूला साड्यांची आणि दुसऱ्या बाजूला सुगंधी उटण्याची जाहिरात असेल. ती पाहून माझे त्या वेळचे मित्र पोट धरून हसतील. हसू देत. त्यांच्या घरीही हा अंक येतोच.

छोट्या छापखान्याची आणि तोंडी वाचनाची जोडी ही कुणाला परदेशातून आलेली नवलाई वाटते. पुण्यापुरते तरी ते खरे नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्याचे पहिले दोन भाग लोखंड्यांच्या ‘दीनबंधु’त आले आणि पुढचे छापायला नकार मिळाला, म्हणजे ज्यांना आपले म्हणावे त्यांनीही हात आखडता घेतला. मग जोतीरावांनी काय केले? पुण्यात वाचून दाखवला, हडपसरला दाखवला, ओतूरला दाखवला, बडोद्याला जाऊन सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. ज्याच्यासाठी लिहिले त्या माणसाला अक्षरओळख नव्हती हे त्यांना ठाऊक होते; त्याला कान मात्र होते.

त्यानंतरची चाळीस वर्षे सोडून देऊ. १९२३ साली पुण्यात रविवारी चहाला जमणाऱ्या कवींचे रविकिरण मंडळ झाले. त्याचे आधीचे गमतीचे नाव सन-टी क्लब! माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे, दिवाकर, घाटे, माडखोलकर ही त्यातली नावे. सप्तर्षी आणि अरुंधती असे त्यांना कौतुकाने म्हणत. आपल्या कवितांची लहान लहान पुस्तके त्यांनी आपणच काढली, आणि यशवंत-गिरीशांनी ती कविता गाऊन गावोगाव पोचवली. अत्र्यांनी १९२५ च्या ‘झेंडूची फुले’त त्यांची जी टर उडवली तिने मंडळाला जेवढे मारले तेवढेच अमरही केले. चहा, स्वतःच छापलेले पुस्तक, मोठ्याने वाचलेली कविता आणि बाहेर टवाळी करणारा एक जण. चळवळीला याहून अधिक सामग्री लागत नाही. आम्हाला ती सगळी होती. फक्त चहा उधारीचा होता.

आमचे अनियतकालिक १९७३ साली निघाले. त्याचे नाव सांगत नाही, कारण ते दर अंकाला बदलत असे. चार वर्षांत पाच अंक. दोनशे प्रती, किंमत पंचवीस पैसे; आम्ही अजून चार आणेच म्हणत असू. सगळ्या प्रती खपल्या तर पन्नास रुपये यायचे. त्या कधीच खपल्या नाहीत. कागद म्हणाल तर वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला येतो तो तपकिरी. पुढे समीक्षकांनी त्यात प्रस्थापित सौंदर्यदृष्टीचा निषेध वगैरे पाहिला. तो स्वस्त होता.

अंक छापला जाई नारायण पेठेतल्या एका बोळात. पुढे मालकांचे टेबल, मागे दोन ट्रेडल, भिंतीला लागून खिळ्यांच्या केसेस. छापखान्याचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. त्याखालोखाल बिलबुके आणि मुंजीची आमंत्रणे. ट्रेडल मोकळे सापडे ते लग्नसराई संपल्यावर. त्यामुळे आमची वाङ्मयीन बंडखोरी नेमकी चातुर्मासात उफाळून येई आणि तुळशीचे लग्न लागले की शांत होई. याचे कारण अद्याप कुठल्या प्रबंधात आलेले नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

तेथे एक कंपोझिटर होते. पन्नाशीचे, सडपातळ, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. आम्ही त्यांना काका म्हणत असू. चौथीतून शाळा सुटलेली, भोर भागातून लहानपणी पुण्यात आलेले, चौदाव्या वर्षापासून केसेसपुढे उभे. हा कंपोझिटर काय काम करतो हे आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही. इंग्रजीला सव्वीस अक्षरांत भागते. आपल्या देवनागरीला काने, मात्रा, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात, आणि डिग्री टाइप असेल तर वेलांट्या-उकारांची वेगळी चूल. प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला. काकांचा डावा हात स्टिक धरून स्थिर, आणि उजव्या हाताची दोन बोटे कोंबडी दाणे टिपते तशी खणांवरून फिरत असायची. डोळे मजकुरावर. ओळ उजवीकडून डावीकडे उलटी दिसते. काका ती आपण सुलटी वाचतो तशी वाचीत.

१९६१ च्या जुलैत पानशेत फुटले तेव्हा या बोळात पाणी शिरले होते. पाणी ओसरल्यावर केसेस उघडल्या तो खणाखणांत चिखल, आणि सगळी मराठी भाषा एकमेकांत मिसळलेली. “तीन महिने नुसते खिळे धूत होतो,” काका सांगत. “‘क’ कुठं, ‘फ’ कुठं! एवढी वर्षं मी अक्षरं जुळवीत होतो. त्या साली पहिल्यांदा निवडली, तांदूळ निवडतात तशी.” असे ते सहज बोलत आणि आम्ही कवी एकमेकांकडे पाहत असू.

पहिल्या अंकाची प्रुफे मागायला गेलो तेव्हा काका म्हणाले, “छापखान्यातले ‘ळ’ संपले आहेत.”

“म्हणजे?”

“अहो, तुम्हां नव्या कवींना ‘ळ’ फार लागतो. काळोख, डोळे, वादळ, आभाळ, धुरळा, कावळा. लग्नपत्रिकेला एवढे ‘ळ’ नसतात. दुसऱ्या पानावरचा एक काळोख तरी काढा.”

आमच्या संपादकाला हा कलेवरचा आघात वाटला. पण काकांनी त्या ओळीवर बोट ठेवून, “इथं ‘अंधार’ चालतो का बघा, मात्राही नीट बसतील,” असे म्हटले, आणि खरेच त्या बसल्या. त्या दिवसापासून काका आमचे खरे संपादक झाले. अंकावर त्यांचे नाव अर्थात नव्हते. कंपोझिटरचे नाव कुठल्याच पुस्तकावर नसते. मालकाचे असते, कारण कायद्याने ते लागते.

काका स्वतः कविता करतात हे आम्हाला वर्षभराने कळले. तेही त्यांनी सांगितले नाही, ट्रेडलवाल्याने सांगितले. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ते स्टिक हातात घेत आणि कविता थेट खिळ्यांतच जुळवीत. कागद नाही, पेन्सिल नाही. झाली की एक प्रूफ काढीत, वाचीत, खिशात ठेवीत. आणि खिळे सोडून पुन्हा आपापल्या खणांत टाकीत, कारण दोनच्या ठोक्याला कुणाच्या तरी लग्नाला तेच खिळे लागायचे. मी पुष्कळ कवी पाहिले आहेत. लिहून झाल्यावर अक्षर न् अक्षर जेथल्या तेथे परत ठेवणारा तो एकच.

अंक निघाला की वाचन. पेठेतल्याच एका वाड्याच्या गच्चीवर आम्ही जमत असू. वाड्याच्या मालकीणबाईंना, म्हणजे आजींना, आम्ही अभ्यासमंडळ चालवतो असे सांगितलेले. त्यांच्या अटी तीन : जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत, नऊनंतर आवाज नको, आणि मध्ये कुणी ‘तसले’ वाचले तर त्या खालून काठी आपटणार. वीसपंचवीस माणसे येत. महाविद्यालयातली मुले, खडकीच्या कारखान्यातले दोघे, एक पोस्टमन, एक मोडीचा जाणकार. १८७५ पासून जेथे वसंत व्याख्यानमाला चालते त्या गावात ऐकणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती ऐकून घेणाऱ्यांची. कविता नाही आवडली तर “आता पुढची” एवढेच म्हणत. आवडली तर काहीच म्हणत नसत. नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ १९७२ साली आले होते. त्याची एक प्रत गच्चीवर फिरत फिरत काकांच्या हाती गेली. त्यांनी ती घरी नेली, आठ दिवसांनी परत आणली आणि म्हणाले, “हे पुस्तक ज्यानं कंपोज केलं, त्याला किती शब्द नवे मिळाले असतील!” त्या संग्रहावर मी तेव्हापासून बरेच वाचले. मला तरी हाच अभिप्राय आठवतो.

काका वाचीत नसत, म्हणत. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची दोन बोटे हवेतच खिळे उचलायची. शब्द अडला की बोटे थांबत. मग योग्य खण सापडल्यासारखी खाली येत.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण बसले. एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. पुढे कोरी जागासुद्धा आक्षेपार्ह ठरली. येरवड्याचा तुरुंग भरू लागला. ‘साधने’सारख्या साप्ताहिकाकडे सरकारची वक्रदृष्टी वळली होती. आमच्या दोनशे प्रतींकडे वळण्याइतका वेळ सरकारला असेल असे आम्हाला वाटत नव्हते, आणि खरे सांगायचे तर थोडा अपमानही वाटत होता. चातुर्मास आला, ट्रेडल मोकळे झाले, आणि चौथ्या अंकासाठी काकांनी प्रथमच आपली कविता दिली. दिली म्हणजे जुळवून गॅलीवर ठेवली. दहा कडव्यांची. नाव ‘रांग’. रॉकेलच्या रांगेत माणसे उभी आहेत, डबे वाजत आहेत. आणि हळूहळू लक्षात येते की डबे वाजताहेत पण माणसे बोलत नाहीत. आणि पुढे रांग कशासाठी आहे हेच कुणाला आठवत नाही. एवढीच गोष्ट. तीत कुणा पुढाऱ्याचे नाव नव्हते. पण ती वाचून मालक खुर्चीतून उठले.

मालक वाईट माणूस नव्हते. उधारीवर अंक छापणाऱ्याला वाईट म्हणायचे तर चांगले कुणाला म्हणावे? ते आत आले, दार लोटले आणि हळू आवाजात म्हणाले, “हे मला छापता यायचं नाही. खाली माझं नाव घातलं तरी मी आत, न घातलं तरी मी आत. तुम्ही पोरं सुटाल, कवी म्हणून सोडतील. ट्रेडल सोडायचे नाहीत. छापखान्याला कुलूप लागलं तर सात घरं बसतील. माझ्या दोन मुली उजवायच्या आहेत.”

संपादक बोलणार होता. त्याच्या तोंडात घटना, स्वातंत्र्य असे मोठमोठे शब्द तयार असलेले मला दिसत होते. पण तेवढ्यात खिळे खणांत पडल्याचा आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. काकांनी पहिल्या कडव्यापासून खिळे सोडायला सुरुवात केली होती.

“काका, एक प्रूफ तरी!”

“नको,” काका म्हणाले. “मालक म्हणतात ते बरोबर आहे. कागद सापडतो.”

दहा कडवी सोडायला त्यांना वीस मिनिटे लागली असतील. आम्ही उभे राहून पाहत होतो. असे दुसऱ्यांदा काही पाहायला लागू नये.

त्या वर्षीची कोजागिरी आजींच्या गच्चीवर झाली. माणसे जमवायची म्हणजे कारण हवे. मसाल्याच्या दुधाइतके निरुपद्रवी कारण पंचांगात दुसरे नाही. आजींनी स्वतः दूध आटवले, केशर घातले. आम्ही मोजून चौदा जण. दूध झाल्यावर काका उठले आणि ‘रांग’ म्हणाले. सबंध. मग पुन्हा एकदा. मग म्हणाले, “दहा जण पुढे या. एकेकानं एकच कडवं घ्यायचं. लिहायचं नाही. आपलं तेवढं सांभाळायचं.” आम्ही रांगेने बसलो, आणि शाळेत पाढे घोकतात तसे काकांनी प्रत्येकाकडून त्याचे कडवे घोकून घेतले. माझ्या वाट्याला सहावे आले. चार ओळींना पाऊण तास लागला, कारण शेजारचा पाचवे घोकत होता आणि त्याचे यमक माझ्या तोंडात येत होते. आजींनी त्या रात्री नऊचा नियम पाळला नाही. काठीही वाजली नाही.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि अभंग लोकांच्या तोंडी राहिले ही कथा देहू-आळंदीच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला कुणी सांगावी लागत नाही. काकांनी त्या रात्री तिचे नावही काढले नाही. मीही ते काढायला नको होते; पण लिहिण्याच्या ओघात राहवले नाही.

त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत उघड बोलल्या. आमच्यातले दोघे तेथे मांडवात होते. परत आले ते चार दिवस जमिनीवर नव्हते. पुढचे वर्ष मात्र मुकाट्याने गेले. नोकऱ्या लागल्या, बदल्या झाल्या. वाटेत दहांपैकी कुणी भेटला की इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर दोघेही एकदम गप्प होत असू आणि मनात म्हणून पाहत असू. मी रोज सकाळी दाढी करताना म्हणत असे. बायकोला, म्हणजे तेव्हा नुकत्याच झालेल्या बायकोला, हा काही जप असावा असे वाटे.

२१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. एप्रिलात आम्ही गच्चीवर जमलो. दहांपैकी आठ आले. एकाला आखाती देशात नोकरी लागली होती. त्याचे नववे कडवे निळ्या आंतरदेशीय नव्हे, परदेशी हवाईपत्रावर आले, आणि खाली “खाडाखोड नाही हे पाहावे” असा शेरा. तिसरे कडवे ज्याच्याकडे होते तो खडकीच्या कारखान्यातला मित्र. तो आदल्या पावसाळ्यात काविळीने गेला होता. सव्वीस वर्षांचा.

त्याच्या घरी जायला कुणाचे पाऊल उचलेना. शेवटी काका आणि मी गेलो. दापोडीला दोन खोल्यांचे घर. आई एकटीच होती. काकांनी इकडचे तिकडचे काही न बोलता सरळ विचारले, “वहिनी, तो काही म्हणत असायचा का? चार ओळी?”

म्हातारी थोडा वेळ पदराशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, “ते रांगंचं व्हय? लई म्हणायचा. तापातबी म्हणायचा. म्हनं, आये, तू ध्येनात ठेव, मला न्हाई जमायचं आता.” आणि तिने ते म्हणून दाखवले. ओवीच्या चालीत. चाल काकांची नव्हती, त्याचीही नव्हती. तिने आपली लावली होती. एक शब्दही बदलला होता. काकांच्या ओळीत रांगेतली माणसे ‘उभी’ होती. तिच्या ओळीत ती ‘तिष्ठत’ होती. विठोबा तिष्ठतो ना, तशी.

काकांनी तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, “काका, मूळ शब्द ‘उभी’ होता.” काका चालतच होते. पुलापर्यंत आल्यावर म्हणाले, “होता.”

‘रांग’ मे महिन्यात छापली, भर लग्नसराईत. मालकांनी दोन पत्रिका मागे ठेवून ट्रेडल मोकळे करून दिले. हस्तलिखित नव्हतेच. आम्ही आठ जण केसेसपाशी ओळीने उभे राहिलो, ज्याने त्याने आपले कडवे म्हटले आणि काका जुळवीत गेले. तिसरे त्यांनी स्वतः म्हटले, ओवीच्या चालीत, आणि ‘तिष्ठत’ जुळवले. आठव्या कडव्याला ‘ळ’ कमी पडले. मालकांनी शेजारच्या छापखान्यातून चार मागून आणले. एका पानाचा तो कागद. कवीचे नाव काकांनी घालू दिले नाही. मुद्रकाची ओळ मात्र मालकांनी स्वतः हाताने जुळवली. आणि बारीक टाइपात नव्हे, लग्नपत्रिकेत वधूवरांची नावे घालतात त्या टाइपात.

नंतरचे थोडक्यात सांगतो. ऑफसेट आले, मग संगणक आले. खिळे किलोवर विकले गेले. काका निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. त्यांची स्टिक मालकांच्या धाकट्या मुलीकडे आहे. ती तीत पेनं ठेवते. कोलटकरांची कविता १९७७ सालीच अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने पुस्तकरूपाने आणली, आणि २००४ साली कोलटकर गेले ते पुण्यातच, २००९ साली चित्रेही येथेच गेले. मुंबईत सुरू झालेल्या गोष्टींना पुण्यात येऊन विसावण्याची सवय आहे.

मागच्या पावसाळ्यात नात मला एका कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. तेथे मुले कविता म्हणतात. बहुतेक जण फोनमध्ये पाहून, काही पाठ. शेवटी एका टेबलावर हाताने शिवलेल्या त्यांच्या पुस्तिका मांडलेल्या, दोनशे-दोनशे प्रतींच्या. कागद तपकिरी. मी विचारले, स्वस्त पडतो का? तर म्हणे, नाही, महाग आहे, मुद्दाम मागवतो. नातीने आधीच कुणाला तरी सांगून ठेवले असावे. माझे नाव पुकारले. मी सहावे म्हटले आणि मग तिसरे, ओवीच्या चालीत. झाल्यावर सगळीकडून चुटक्या वाजू लागल्या. आमच्या घरात जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवतात, तेव्हा मला वाटले पोरांना झोप आली. नातीने खुलासा केला की ही दाद आहे, टाळ्यांनी खालच्या मजल्यावर त्रास होतो.

त्यातली तिघे परवा घरी आली होती. छापील कागद मी त्यांना दाखवला, त्याचा त्यांनी फोटो घेतला. पण त्यांना बाकीची कडवीही ज्याची त्याच्या तोंडून ऐकून ठेवायची आहेत. दहांपैकी पाच जण आहेत, त्यातले चौघे पुण्यात. मी पत्ते लिहून दिले. दुसरे आणि दहावे यांना हल्ली ऐकू कमी येते, तेव्हा दारावरची घंटा जरा वेळ दाबून धरावी लागेल. आणि दहाव्याला दुपारी दोन ते चार उठवायचे नाही, हे मात्र बजावून सांगितले.